रत्नपालचं विमान

पोस्टात पार्सल येऊन पडलंय असा निरोप आला तेव्हा मी एका वकीलसाहेबांची वरची कवळी घासत होतो. ती तशीच पाण्यात टाकली आणि उठलो. एप्रिल संपत आला होता, यंदाचा, २००८चा. सकाळचे अकरासुद्धा वाजले नव्हते, तरी गोंदियाच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला धरायला लागलं होतं. एवढ्या उन्हात सायकल मारत जाऊन मी जे घरी आणलं, ती होती बोटाच्या दोन पेरांएवढी एक खुर्ची.

धंद्याने मी दातांचा कारागीर. डॉक्टर तोंडाची मापं पाठवतात आणि मी माझ्या खोलीत बसून कवळ्या, कॅप करून देतो. उरलेला सगळा वेळ लढाऊ विमानांची छोटी मॉडेलं करण्यात जातो. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग आपला नातू किती वर्षांचा आहे ते सांगतात. मला त्याचा राग येतो. खेळण्यातल्या विमानाचं चाक गोल असतं. माझ्या कपाटातल्या विमानाचं चाक जमिनीला टेकतं तिथे किंचित दबलेलं असतं, कारण वर आठ टनांचं वजन आहे असं मी मानतो. माझ्या बायकोला, रचनाला, हा फरक कधी पटला नाही. "चाळीसचे होऊन गेले जी तुम्ही," ती म्हणते, "दाताचे पैसे देणारे बाहेर बसून आहेत अन् तुम्ही चाक दाबून राहिले."

विमानाचा प्लास्टिकचा संच विकत मिळतो. त्यात बाहेरचं अंग बरं असतं, पण आत खुर्चीच्या नावाखाली एक पाट देतात. मग माझ्यासारखे हट्टी लोक आतले भाग वेगळे मागवतात. परदेशात कुणी दोघं-तिघं घरच्या घरी हे भाग रेझिनमध्ये, म्हणजे ओतून घट्ट होणाऱ्या राळेत, तयार करतात. पट्ट्याची शिवणसुद्धा दिसेल इतकं बारीक काम असतं. माझं त्याच्याशी जमतं, कारण साचा, ओतणं, घासणं हे सगळं कवळीसारखंच आहे. रेझिनची भुकटी छातीला वाईट, म्हणून ते ओलं करून आणि तोंडाला फडकं बांधून घासायचं. साधा गोंद त्याला धरत नाही, सुपरग्लूच लागतो. रंगात धूळ बसू नये म्हणून पंखा बंद ठेवायचा. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार लोडशेडिंग असतं, त्यामुळे पंख्याचा प्रश्नच नसतो. दारं-खिडक्या लावून, उघड्या अंगाने, मी भर दुपारीच हे काम करायचो.

ही खुर्ची मात्र माझ्या कपाटासाठी नव्हती. ती रत्नपालसाठी होती.

फेब्रुवारीत आसाराम गजभिये त्यांच्या बायकोची कवळी न्यायला माझ्याकडे आले होते. दवनीवाड्याचे, शाळेत शिपाई म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले. कवळी खिशात घातली, "जयभीम" म्हणून वळले आणि कपाटासमोर थांबले ते हलेचनात. त्यांचं बोट काचेवर एका विमानासमोर टेकलं होतं.

"माहा पोरगा हे चालवे," ते म्हणाले.

मला एकदम ओळख पटली. जिल्ह्यात कुणाला ते नाव माहीत नव्हतं? फ्लाइट लेफ्टनंट रत्नपाल गजभिये. दोन वर्षांपूर्वी त्याच्या जेटच्या इंजिनात पक्षी शिरला. चौकशीत कुणाचा दोष निघाला नाही. विमानाची जात आणि तळाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. असल्या विमानात वैमानिकाला सुटायचा एक मार्ग असतो. दोन पायांमधली कडी ओढली की त्याची खुर्चीच त्याच्यासकट बाहेर फेकली जाते. रत्नपाल बाहेर पडला नाही. खाली गाव होतं, त्याने ते वाचवायला विमान मोकळ्या शेताकडे नेलं, असं त्याच्या साहेबांनी घरी पत्रात लिहिलं होतं. गावच्या विहाराच्या भिंतीवर तेच संगमरवरात कोरलं होतं.

"कोरलं ते बराबरच आहे," आसारामजी म्हणाले. "पन त्याच्या मायच्या, वच्छलाच्या डोक्यात बसत नाई. रोज विचारते, तो काऊन नाई निघाला जी? मी म्हनतो, गावासाठी. ती म्हनते, तुमाले कोनं सांगितलं? कडी ओढली असन अन् अडकला असन तं?" त्यांचा आवाज खाली आला. "आता मलेही तसंच वाटते. थांबला असन तं मी रडनार नाई, दुर्गेशजी. पन अडकला असन तं..."

 

अठरा मे रोजी त्याच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे स्मृतिदिनाचा, कार्यक्रम होता. त्या दिवशी विहारातल्या वाचनालयात काचेच्या पेटीत हे विमान ठेवायचं, असं त्यांच्या मनात होतं. चाकं पोटात घेतलेलं, उडतं. आणि एक अट होती.

"रिकामं नको. तो बसलेला पायजे."

मी माझ्या विमानांत माणूस बसवत नाही. बसवला की खुर्ची झाकली जाते, आणि खुर्चीवरच तर माझा सगळा जीव. पण त्यांच्यापुढे नाही म्हणवेना.

दोन महिने मी त्या कामात बुडालो. सगळ्यात मोठ्या मापाचा संच घेतला, खऱ्याच्या बत्तिसाव्या भागाचा, म्हणजे माणूस साधारण करंगळीएवढा होतो. त्याचं डोकं मी स्वतः ओतलं. नाका-तोंडावर मास्क, वर शिरस्त्राण, त्यामुळे चेहऱ्याचे फक्त डोळे दिसणार होते. आसारामजींनी दिलेला फोटो भिंगाखाली ठेवून मी ते डोळे चार दिवस रंगवले. रत्नपालचा डावा डोळा हसताना किंचित लहान व्हायचा, तेसुद्धा आणलं. मग ही खुर्ची आली. काय खुर्ची होती! माथ्याशी दोन सुरक्षा पिना आणि त्यांना लोंबणारी फीत, सगळं एकाच ओतीवात. ती फीत मी लालभडक रंगवली. माणूस बसवल्यावरही त्याच्या खांद्यावरून ती थोडीशी दिसत राहिली, आणि मी स्वतःवर खूश झालो.

बारा मेच्या दुपारी मी वरची काच चिकटवून टाकली.

पहिल्यांदा आला तो वास. रेझिनला एक गोडसर वास असतो, तो माझ्या ओळखीचा आहे. हा घासलेटचा होता. रचनाने स्टोव्ह पेटवला असेल म्हणून मी आत डोकावलो, तर ती गाढ झोपली होती. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. परत येऊन पाहतो तर काचेला आतून पांढरं चढलेलं.

मी कपाळावर हात मारला. बंद जागेत सुपरग्लूची वाफ कोंडली की काचेवर आतून पांढरा थर धरतो. नवशिकेसुद्धा एकदाच ही चूक करतात. आणि तो थर घासल्याशिवाय जात नाही. दोन महिन्यांची मेहनत मातीत गेली म्हणून मी डोकं धरून बसलो.

पण तो थर गेला. माझ्या डोळ्यांसमोर कडांकडून आत आक्रसत गेला, मास्कच्या समोर मोहरीएवढा ठिपका उरला आणि तोही विरला. काच स्वच्छ झाली. मग त्याच जागी पुन्हा ठिपका उमटला, पसरला, आणि आक्रसला. आरशाला नाक लावल्यावर जे होतं, ते त्या काचेत आतून होत होतं. माझाच श्वास लागत असेल, मी फार जवळ वाकलोय, असं म्हणून मी मागे सरलो. तोंडावर हात दाबला. श्वास रोखला.

तो थांबला नाही.

मी विमानावर टॉवेल टाकला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन वकीलसाहेबांची रखडलेली कवळी पुरी करत बसलो.  रचनाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, उन्हात सायकल कोणी चालवायला सांगितली होती.

चौदा तारखेला दुपारी आसारामजी विमान बघायला आले. मी टॉवेल काढला. काच स्वच्छ होती आणि मला हायसं वाटलं. त्यांनी चष्म्यावर माझं भिंग धरलं आणि कितीतरी वेळ वाकून बघत राहिले.

"डोरे त्याचेच आहेत," ते म्हणाले. मग, "हे खांद्यापाशी लाल काय आहे जी?"

आता हा माझ्या लाडक्या विषयातला प्रश्न. मी उत्साहाने सांगायला लागलो. त्या पिना आहेत. विमान जमिनीवर उभं असताना खुर्ची चुकून सुटू नये म्हणून लावतात. त्या आहेत तोवर कितीही जोराने कडी ओढा, खुर्ची हलायची नाही. उड्डाणाच्या आधी त्या काढतात आणि वैमानिकाला मोजून दाखवतात.

"अच्छा," आसारामजी म्हणाले. भिंग तसंच होतं. "मंग हे तं उडून राहिलं न?"

 माझ्या कपाटातली सगळी विमानं उभी असतात, रिकामी, काच वर उचललेली. त्यांच्या खुर्चीत पिना असायलाच हव्यात. बारा वर्षं मी त्या कौतुकाने लाल रंगवत आलो होतो. त्याच सवयीने या उडत्या विमानात, माणूस बसवून, वरून काच डकवून, मी त्या तशाच ठेवल्या होत्या. शरमेने माझे कान तापले.

"म्हनजे तुमी त्याले कोंडला," ते म्हणाले. रागाने नाही. तेच जास्त लागलं.

तेवढ्यात काचेवर ठिपका उमटला. या वेळी तो भराभर येत-जात होता, धावून आलेल्या माणसासारखा. आम्ही दोघं बघत होतो. खोलीत घासलेटचा वास भरला. जेटचं इंधन म्हणजे एक प्रकारचं घासलेटच, हे मला तेव्हा आठवलं.

"सुपरग्लूची... वाफ असते..." मी कसंबसं म्हणालो.

"दुर्गेशजी, मी शाळेत प्रयोगशाळेचाच शिपाई होतो. वाफ अशी येत-जात नाई." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "आमी बुद्धाचे मानसं. भूतबीत मानत नाई. अन् मी याले भूत म्हनतही नाई. माहा पोरगा म्हनतो. काढा ते."

मी पातं घेऊन काच सोडवली. कडेला एक तडा गेला, जाऊ दिला. दाताच्या मुळात शिरणारा सगळ्यात बारीक बर, म्हणजे कोरायची फिरती सुई, यंत्राला लावला आणि इन्व्हर्टरवर ते सुरू केलं. आसारामजींनी टॉर्च धरली. पहिली पिन घासली गेली. दुसरी घासताना माझा हात हलला असता तर बर त्या मानेत गेला असता, आणि त्या क्षणी मी आत राळेचा बाहुला आहे असं मनाला सांगूच शकलो नाही. दुसरी पिन पडली. मी काच परत बसवली ती मुलांच्या पांढऱ्या डिंकाने, नखाने उचलली तरी निघेल अशी. थोड्या वेळाने ठिपका आला. आता तो सावकाश येत होता.

कार्यक्रम चांगला झाला. विमान विहारातल्या पेटीत बसलं, लोकांनी हात जोडले, मुलांनी पेटीच्या काचेला नाकं लावली. मला शाल मिळाली. मी ती घडी करून ठेवली आणि हा विषय माझ्यापुरता संपला असं ठरवलं.

आठ दिवसांनी आसारामजी दारात उभे.

"तो निघत नाई," ते म्हणाले. "मी रोज दुपारी जाऊन बसतो त्याच्यापाशी. श्वास चालू आहे. आता त्याले कोनी अडवलं नाई, तरी बसूनच आहे."

मला वाटलं, हे तर चांगलंच आहे. "मग वच्छलाबाईंना सांगा ना, काकाजी. तो अडकला नव्हता. स्वतःहून थांबला होता."

"सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली. मंग रातच्याले म्हनते, अजून काऊन थांबला मंग?" ते खाली बघत होते. "आज बसल्या बसल्या समजलं. विहार गावाच्या मधात आहे जी. चोहूकडं गावच आहे न खाली."

 मी विचारलं, "कुठे न्यायचं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मागून आणलेल्या मोटरसायकलवर निघालो. ते मागे, मांडीवर उघडं खोकं, खोक्यात विमान. आमगाव आलं तसं ते माझ्या कानाशी म्हणाले, "श्वास वाढला." गाव मागे पडल्यावर म्हणाले, "कमी झाला." प्रत्येक वस्तीला हेच. वाढला. कमी झाला. ते एवढंच बोलत होते. सालेकसा गेलं, रेल्वेचं फाटक गेलं. पुढे जंगल लागलं. तेंदूपत्त्याचे दिवस होते. पानं गोळा करायच्या एका फडीवर एक बाई पानांच्या पुड्यांची रांग लावत होती. आसारामजींनी तिला विचारलं, या रस्त्यानं पुढं कोनाचं घर आहे का?

"नाई जी. पुढं कायले जाता? पुढं कोनी राहत नाई."

आम्ही पुढेच गेलो. रस्ता संपला तिथे गाडी लावली आणि पायी आत शिरलो. पाचोळा एवढा की आपल्याच पावलांचा आवाज मागून आल्यासारखा वाटायचा. एका सपाट खडकावर आसारामजींनी विमान ठेवलं, तोंड मोकळ्या बाजूला करून. मग ते उकिडवे बसले आणि शाळेत जाणाऱ्या पोराला उठवावं तसे बोलले.

"निघ बाबू. इथं कोनी नाई."

ठिपका उमटला, पसरला, आक्रसला. दहा मिनिटं गेली. वीस गेली. काचेवर श्वास जोरजोरात येत होता, पण बाकी काहीच होईना. एक होला कुठेतरी घुमत होता, तोही थांबला. मला उठून पळावंसं वाटत होतं आणि पळणं बरं दिसणार नाही म्हणून मी बसलो होतो.

एकाएकी आसारामजी उभे राहिले.

"आपुन आहो न," ते म्हणाले. "आपुन दोघं आहो न जी खाली!"

त्यांनी माझा दंड धरला आणि आम्ही चालत सुटलो. एक कोरडा नाला ओलांडला, पलीकडचा चढ चढलो, खडक दिसेनासा झाला तरी ते थांबेनात. शेवटी एका झाडाला पाठ लावून आम्ही उभे राहिलो. आसारामजींचे ओठ हलत होते. ते काय म्हणत होते ते मला ऐकू आलं नाही.

फुटाणा फुटावा तेवढाच आवाज झाला. मागे, लांब. मग वारा नसताना पाचोळा थोडा वेळ सळसळला आणि शांत झाला.

परत गेलो तेव्हा काच खडकाखाली पडलेली होती. विमानात खुर्ची नव्हती. रत्नपालही नव्हता. मी सुपरग्लूचे चार थेंब टाकून ती खुर्ची बसवली होती. ओढून काढली असती तर खालचं प्लास्टिक सोबत उचकटलं असतं. तिथे ओरखडासुद्धा नव्हता. आम्ही ऊन कलेपर्यंत पाचोळा उपसला. काही सापडलं नाही. आसारामजी हसत होते आणि त्यांच्या दाढीच्या खुंटांवरून डोळ्यांतलं पाणी गळत होतं.

"निघाला जी," ते परत परत म्हणत होते. "थांबला होता. आता निघाला."

मला त्यांचा आनंद बघत राहावासा वाटत होता, आणि त्या जंगलात एक क्षणही थांबवत नव्हतं.

रिकामं विमान परत पेटीत गेलं. गावात सांगितलं, बाहुला तुटला. पावसाळा लागला. रोवणी झाली, धान पोटरीला आलं. आसारामजी अधूनमधून येत, बसत, चहा घेत. वच्छलाबाई आता नीट झोपतात म्हणाले. मीही सुधारलो होतो, म्हणजे नवीन विमान हातात घेतलं नव्हतं.

चौदा ऑक्टोबरला ते एक पत्र नाचवत आले. "हिंडून राहिला! माहा पोरगा हिंडून राहिला, दुर्गेशजी! वाचा."

पत्र वाशीमकडच्या एका निवृत्त मास्तरांचं होतं. पाकिटावर फक्त 'रत्नपालचे वडील, दवनीवाडा, जि. गोंदिया' एवढंच, तरी पोहोचलं होतं. अक्षर वळणदार, पण मधेमधे थरथरलेलं. त्यांचा मुलगाही वैमानिक होता. एकोणीस तारखेला तो त्याच्या विमानासकट गेला, बाहेर पडला नाही. परवा भर दुपारी एक तरुण दारात आला, पाणी मागितलं. म्हणाला, तुमचा मुलगा अजून आतच बसून आहे. माझ्या बाबांना पत्र टाका, ते विमान करणाऱ्या माणसाला ओळखतात, तो काढतो बाहेर. पाणी पिताना त्याचा डावा डोळा हसण्याने लहान झाला, असंही मास्तरांनी लिहिलं होतं. शेवटी एक नंबर. मुलाचा मोबाइल आता माझ्याकडेच असतो, त्यावर फोन करावा.

मी काही बोलायच्या आतच आसारामजी म्हणाले, "लावा फोन. फोटो मागून घ्या त्याचा."

मी नंबर लावला आणि त्यांना ऐकू यावं म्हणून मोबाइलचा आवाज मोठा केला. दोन घंटा वाजल्या.

"हॅलो?" तरुण आवाज होता.

मास्तर आहेत का, मी विचारलं.

"बाबा गावी असतात. मी त्यांचा मुलगा बोलतोय." त्याने नाव सांगितलं. पत्रात होतं तेच. तो जिवंत आहे, म्हणून ते मी इथे लिहीत नाही. "कोण बोलताय आपण? जरा लवकर सांगा, मला निघायचंय."

 मी पत्र उलटं-सुलटं केलं. वर उजव्या कोपऱ्यात, मास्तरांच्या शिस्तीत, तारीख लिहिलेली होती. २८ नोव्हेंबर २००८. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ऑक्टोबर होता. म्हणजे पत्रातली एकोणीस तारीख अजून यायची होती. पाकिटावरचा शिक्का पुसटलेला होता. मी तारखेवर बोट ठेवून पत्र आसारामजींपुढे धरलं. त्यांनी ती दोनदा वाचली. मग त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"बाबू, मी दवनीवाड्याहून बोलून राहिलो. रत्नपालचा बाबा." आवाज अगदी नेहमीचा होता. "जेवला का तू?"

"रत्नपाल सरांचे...? नमस्कार काका. हो, जेवलो. सर मला एक वर्ष सीनियर होते."

"मंग आयक. माह्या घरी त्याचा कार्यक्रम आहे. एकोनीस नोव्हेंबरले. तू आलाच पायजे. सुट्टी काढ."

पलीकडे लांबवर एखादं यंत्र सुरू व्हावं तशी घरघर आली.

"काका, एकोणीसला नाही जमणार," तो म्हणाला. "त्या दिवशीचं माझं आधीच ठरलंय."

"मंग अठराले ये," आसारामजी म्हणाले. मोबाइल त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. "अठराले ये, मुक्कामी राह्य. वीसले जाजो. माही म्हातारी मोठी खूश होईन बाबू. येजो."

 मग तो म्हणाला, "बघतो," आणि फोन बंद झाला. त्यानंतर तो नंबर लागलेला नाही. मास्तरांच्या पत्त्यावर आम्ही दोन कार्डं टाकली. उत्तर नाही.

आज नोव्हेंबरची सहा तारीख आहे. काल मी दवनीवाड्याला जाऊन आलो. आसारामजी कापणी सोडून घराला चुना लावत होते. मधली खोली रिकामी केली आहे, नवा कंदील आणून ठेवला आहे, आणि वच्छलाबाईंनी तिथे दोन खाटा टाकल्या आहेत. पाहुणा एकटाच येणार ना, मी सहज विचारलं.

"बाहेरच्या मानसाले दवनीवाडा सापडते का जी?" चादरीची सुरकुती हाताने काढत त्या म्हणाल्या. "आमचा पोरगा घेऊन येऊन राहिला न त्याले."

मला तिथे फार वेळ बसवलं नाही.